हाओरी कापलेली नाहीये

ओमकार,

व्हॉट्सअपवर लांब लिहिलं की तू नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून यावेळी मेल करतेय. रात्रीचे साडेअकरा झालेत, रेवा झोपलीये, बाबा घोरतायत, मी डायनिंग टेबलवर बसून दोन बोटांनी टाईप करतेय, चुका झाल्या तर सांभाळून घे.

पहिलं सांगून टाकते म्हणजे तुझा जीव टांगणीला नको. तुझी ती हिरव्या-काळ्या चौकड्यांची हाओरी, तो जपानी अंगरखा, आम्ही वापरली. तुला न विचारता. पण कापलेली नाहीये, कात्री लावलेली नाही, शप्पथ. आता बाकीचं सांगते.

गुरुवारी तुझा मेसेज आला की ऑफिसचं रिलीज पुढे सरकलं, रविवारी त्या अॅनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टूनच्या, मेळाव्याला येणं जमत नाही. मला कळतं रे, नवी नोकरी आहे, दिवाळीला चार दिवस येऊन गेलास त्यातच रजा संपल्या. पण रेवाने मेसेज वाचला, फोन उलटा ठेवला आणि ताटातली भेंडी एक शब्द न बोलता संपवली. भेंडी! तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. रात्री म्हणाली मी नाही जात, तिकिटं विकून टाकते. दोघांची तिकिटं तिने भाऊबीजेच्या तुझ्याच पैशातून काढून ठेवली होती, ते तुला माहीत नसेल. मी म्हटलं विकू नको, मी येते. त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिच्या जागी दहावीच्या पेपरला बसते म्हणाले.

बाबांचं तर तू ओळखलंच असशील. "आता तू पण त्या कार्टूनच्या जत्रेत?" मी म्हटलं हो, आणि जत्रेतून तुमच्यासाठी पिपाणी आणते.

खरं सांगू का, इतकी वर्षं तुम्ही दोघं वर्षातून एकदोनदा त्या भल्यामोठ्या पिशव्या घेऊन जायचात आणि रात्री थकून यायचात, मी फक्त विचारायचे जेवून आलात का. तिथे काय असतं हे मी कधी विचारलंच नाही. विचारलं असतं तरी तुम्ही सांगितलं असतं का देव जाणे, पण मी विचारलं नाही हे खरं. तर शुक्रवारी रात्री रेवाकडे शिकवणी लावली. तिने मला तुमच्या त्या 'डीमन स्लेयर'चे तीन एपिसोड दाखवले. कोळसा विकून घर चालवणारा मुलगा, एक रात्र बाहेर राहतो, परत येतो तर घरातले सगळे गेलेले, एक बहीण तेवढी जिवंत आणि ती पण राक्षस झालेली. मग हा तिला लाकडी पेटीत घालून पाठीवर घेऊन हिंडतो, कारण उन्हात राक्षस जळून जातात. पहिल्याच एपिसोडला माझ्या डोळ्यात पाणी. रेवा म्हणाली दादा पण रडला होता पण त्याने सांगू नको म्हटलंय. तर मला काही माहीत नाही. ही गोष्ट जपानी मासिकात 2016 ते 2020 अशी क्रमशः आली आणि 23 पुस्तकांत संपली, असं पण कळलं. चार वर्षांत संपवली म्हणजे बघ. आपल्याकडे तेवढ्यात सुनेचा पहिला मंगळागौरीचा सीन संपत नाही.

आता हाओरी. दरवेळी तू तो भाऊ तान्जिरो आणि ती त्याची बहीण नेझुको, हे मला आत्ता कळतंय, मी समजत होते की ते दोन वेगवेगळे काहीतरी जपानी ड्रेस आहेत. यंदा म्हणाली नेझुको नाही व्हायचं. का तर पाठीवर घेणारा नाही तर नेझुको एकटी काय करणार उन्हात. आणि पाच मिनिटांनी, कपाटाचं दार उघडून, मीच तान्जिरो होते. तुझी हाओरी बाहेर काढली आणि अंगावर घातली. तू पाच फूट दहा, ती पाच एक, हाओरी पार घोट्याच्या खाली, हात बाहीत गुडुप. पंढरपूरच्या वारीत एखादं लहान पोर बापाचा सदरा घालून निघावं तशी दिसत होती. मी सवयीने कात्री घेतली. किंचाळलीच. "कापायची नाही! आतून दुमड." मी म्हटलं अगं जाड होईल, नीट पडणार नाही. "पडू दे." मग घेराला खालून आणि बाह्यांना आतून दुमडून कच्चे टाके घातले. काळ्या दोऱ्याने, लांब लांब, एक टोक ओढलं की सगळं सुटेल असे.

टाके घालायला म्हणून हाओरी उलटी केली आणि मी बघतच बसले. मला इतके दिवस वाटायचं ते छापील चौकड्याचं कापड आहे, हिंदमाताला मिळालं असेल तुला कुठेतरी. आत बघते तर एकेक चौकोन वेगळा कापून जोडलेला. हिरवा, काळा, हिरवा, काळा. मोजायला लागले, दीडशेच्या पुढे गेल्यावर सोडून दिलं. आणि जोडणी कशी, तर आजीच्या गोधडीसारखी, शिवण एकदा डावीकडे पाडलेली, एकदा उजवीकडे, म्हणजे कोपऱ्यात गाठ येत नाही. हे तुला कोणी शिकवलं? आजी गोधडी शिवायची तेव्हा तू पाच-सहा वर्षांचा होतास, सुईत दोरा ओवून द्यायला बसायचास. मी रेवाला विचारलं हे त्याने केलं कधी? तर म्हणाली थर्ड इयरला. रात्री. मशीनचा आवाज येऊन तुम्ही उठू नये म्हणून पायाने नाही चालवायचा, वरचं चाक हाताने फिरवून शिवायचा. अरे माणसा. मी तेव्हा बाबांना सांगत होते की बघा पोरगं रात्री दोन दोन वाजेपर्यंत लाईट लावून अभ्यास करतं.

त्या वर्षी तुझी एक केटी का लागली, एक विषय का राहिला, हे मला परवा कळलं. जाऊ दे आता.

रविवारी सकाळी निघालो तर मेगाब्लॉक. तू तिकडे जाऊन विसरलास का ही सुखं? स्लो गाड्या फास्ट ट्रॅकवरून, कांजूरला थांबणार नाहीत. मग रिक्षाने विक्रोळी. रिक्षात तान्जिरो, पाठीवरची पेटी मांडीवर, चार फुटी तलवार बाहेर डोकावतेय आणि मी कोपऱ्यात अंग चोरून. विक्रोळीला जिन्यावर एका पोलिसाने हटकलं, हे काय आहे? रेवाने तलवार त्याच्या हातात दिली, त्याने दाबून बघितली, फोम आहे कळल्यावर स्वतःच दोनदा हवेत फिरवली आणि हसून परत दिली. लेडीज डब्यात एक बाई म्हणाल्या कुठल्या नाटकात काम आहे गं? रेवा काही बोलायच्या आत मीच म्हटलं, हो, नाटकच आहे, दादरला. आणि म्हटल्यावर मलाच वाटलं की मी खोटं नाही बोलले.

घाटकोपरला जी गर्दी आत आली त्यात तलवार वाकली. टोकापासून हातभर. आत पाईप आहे तो मुठीपासून अर्ध्यापर्यंतच आहे म्हणे, पुढे नुसता फोम, वजन होऊ नये म्हणून. रेवाचा चेहरा पडला. "दादा असता तर तलवार डोक्यावर आडवी धरून उभा राहिला असता." मी म्हटलं मला सांगायचं तरी. पुढच्या वेळी मी धरीन.

हॉल म्हणजे लग्नाचं कार्यालय रे! मला वाटलं होतं कुठेतरी मोठं एसी सेंटर असेल. आपल्या रेश्माताईचं लग्न झालं होतं तसंच, पायऱ्यांवर लाल गालिचा, रिसेप्शनच्या सोनेरी खुर्च्या स्टेजच्या एका कडेला सरकवून ठेवलेल्या. कपडे बदलायच्या खोल्यांवर अजून पाट्या, वरपक्ष, वधूपक्ष. मुलं वरपक्षात आणि मुली वधूपक्षात बदलत होती. दारात एक मुलगा टेबल लावून प्रत्येकाची तलवार, कुऱ्हाड, काठी तपासत होता, धातूचं काही नको, टोकदार नको, तपासून झालं की त्याला रंगीत सुतळी बांधायचा. शेजारी मोठा कागद, मराठी आणि इंग्रजीत, की कुणाचाही फोटो काढायच्या आधी विचारा, वेश घातलाय म्हणजे हात लावायची परवानगी दिली असं नाही. हे वाचून मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. आमच्या वेळी गणपतीच्या नाटकात कॉलनीतली पोरं ग्रीनरूमच्या फटीतून डोकावायची आणि आम्ही नुसत्या ओरडायचो.

दीडदोनशे पोरं असतील सगळी मिळून. डोळ्यावर काळी पट्टी आणि पांढरे केस असले पाच जण एकाच वेळी दिसले, मला वाटलं भाऊ आहेत, तर म्हणे एकच कॅरेक्टर. पट्टीतून दिसतं का असं मी एकाला विचारलं, तो म्हणाला काकू नाही दिसत, मित्राच्या खांद्याला धरून चालतोय. केशरी कपड्यातले नारुतो, गवती टोपीवाले लुफ्फी, ही नावं मला आता पाठ झालीत. एक आजोबा होते, सफारी घातलेले, नातवाची पाण्याची बाटली आणि एक भलामोठा कागदी कुऱ्हाडीचा दांडा सांभाळत बसलेले, त्यांच्याशी माझी चांगली गट्टी जमली. ते म्हणाले मी तिसऱ्यांदा येतोय, इथले बटाटेवडे बरे असतात.

एका टेबलावर एक बारीक मुलगा स्वतः काढलेलं मांगा, म्हणजे जपानी पद्धतीची चित्रकथा, विकत होता, झेरॉक्स काढून स्टेपल केलेलं, गोष्ट कुर्ला कारशेडमधल्या भुताची. मी एक घेतलं, बाबांना वाचायला दिलंय, ते रेल्वेच्या चुका काढतायत. त्या मुलाला मी म्हटलं काय रे, एवढ्या छोट्या ठिकाणी खपतं का? तर त्याने मला सांगितलं की टोकियोत जो सगळ्यात मोठा असला बाजार भरतो, जिथे आता लाखांनी लोक येतात, तो 1975 मध्ये एका सभागृहात सुरू झाला तेव्हा 32 गट होते आणि सातशेच्या आसपास माणसं. मग मी उठून टेबलं मोजली. चौदा. म्हणजे निम्म्याच्या जरा खाली. त्याला येऊन सांगितलं तर पोरगं काय खूश झालं.

आता मुख्य. तुझी बॅग.

वधूपक्षात शिरल्यावर रेवाने ती कमरेची काळी बॅग माझ्या हातात दिली, म्हणाली ही दादाची, आज तू सांभाळ. उघडली. सेफ्टी पिना तीन मापाच्या. दोन्हीकडून चिकटणारी टेप. फेविबाँडची छोटी ट्यूब. विगच्या खालची जाळी, एक्स्ट्रा. काळा दोरा ओवलेली सुई, बाटलीच्या बुचात खोचलेली. बँडएड, इलेक्ट्रॉल, स्ट्रॉ. स्ट्रॉ कशाला म्हटलं, तर मेकअप न बिघडता पाणी प्यायला. आणि आत घडी घातलेला कागद, तुझ्या अक्षरात. "1. विग दर तासाला काढून पाच मिनिटं हवा. 2. चपलेचा डावा पट्टा तपास. 3. पाणी दर 40 मिनिटांनी दे, ती मागणार नाही."

ती मागणार नाही.

सोळा वर्षं मी तिची आई आहे, आणि हे मला माहीत होतं का? होतं. पण मी ते कधी कागदावर लिहून खिशात ठेवलं नव्हतं.

तुला एक सांगू का, जे तू कधी ऐकलं नसशील कारण मी कधी सांगितलं नाही. लालबागला आमच्या चाळीत गणपतीत दरवर्षी नाटक व्हायचं आणि कपडेपट माझ्याकडे असायचा. सुधीरमामा नट. म्हणजे त्याला तो नट वाटायचा. एका वर्षी ऐतिहासिक नाटकात तो सरदार होता, मिशी अशी झुबकेदार, स्पिरिट गमने चिकटवलेली. सप्टेंबरचा दमटपणा, पत्र्याखाली हजार वॉटचे दोन लाईट, पहिल्या अंकातच मिशीचं एक टोक सुटलं. तो संवाद म्हणतोय आणि मिशी ओठावर लोंबतेय, पब्लिक हसतंय. मी विंगेतून खूण केली, तो बोलता बोलता चालत विंगेपर्यंत आला, पाठ प्रेक्षकांकडे केली, मी बोटावर गम घेऊन मिशी दाबली, तीन मोजले, तो वळला आणि पुढचं वाक्य म्हणाला. कोणाला कळलं पण नाही. टाळ्या त्याला मिळाल्या, बक्षीस त्याला मिळालं, स्टीलचा तांब्या. अजून आहे त्याच्याकडे. माझ्या बोटाची सालं निघाली होती गमने. पण ते तीन सेकंद, ओम्या, ते तीन सेकंद म्हणजे काय मजा होती हे मी कोणाला सांगू शकले नाही. आणि परवा तुझी बॅग कमरेला बांधून वधूपक्षाच्या आरशासमोर उभी राहिले तेव्हा म्हटलं, अरे, हे तर तू पण करतोस.

मग मी कामाला लागले. रेवाच्या कपाळावरचा तो तान्जिरोचा व्रण घामाने ओघळायला लागला होता, लिपस्टिकचा होता. मी पुसला, पावडर लावली, परत काढला, वरून परत पावडर दाबली, आणि मग टिश्यू ठेवून थोपटला. संध्याकाळपर्यंत हलला नाही. चपलेचा डावा पट्टा, तू लिहिलंयस तसाच, दुपारी एकला तुटला. सेफ्टी पिन आणि दोरा. विग काढून हवा दिली. पाणी दिलं, दर चाळीस मिनिटांनी, घड्याळ लावून, आणि दरवेळी ती नको म्हणाली आणि दरवेळी प्यायली. वाकलेली तलवार वरपक्षातल्या एका मुलाने सरळ करून दिली, त्याच्याकडे हीट गन होती. गरम हवा मारून फोम मऊ केला, फळीवर ठेवून वरून पुस्तकं ठेवली, गार होईपर्यंत हात लावायचा नाही म्हणाला. नवीकोरी झाली. तुझी हीट गन घरीच राहिली होती, रेवा म्हणाली ती कुठे असते ते फक्त दादाला माहीत.

पेटी तिने दिवसभर पाठीवर घेतली. लहान लहान पोरं यायची, ताई नेझुको आत आहे का? पेटीत काय होतं माहितेय? डबा. पोळी, बटाट्याची भाजी, पाण्याच्या दोन बाटल्या आणि माझी शाल, एसीत थंडी वाजली तर. एका चिमुरडीने, सहा वर्षांची असेल, तोंडात बांबूची नळी धरलेली नेझुको बनून आलेली, हट्टच धरला की आत बघायचं. रेवा खाली बसली, दार उघडलं. पोरीने डबा बघितला आणि आईला ओरडून सांगितलं, आई, नेझुको जेवायला गेलीये!

त्या मुलीच्या आईशी पण बोलणं झालं, तिने किमोनो घरी शिवला होता, गुलाबी, ती पानांची नक्षी एकेक रेघ फॅब्रिक पेंटने. मला म्हणाली जपानमध्ये ही हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या, पानाची नक्षी, ते झाड सरळ आणि भराभर वाढतं म्हणून तान्ह्या मुलांच्या कपड्यांवर घालायचे, पोर तसं वाढावं म्हणून. आपण काजळाचा टिक्का लावतो तसंच की. रेवाचा नेझुकोचा किमोनो कपाटात आहे ना, घरी येऊन मी परत काढून बघितला. आता ती नक्षी वेगळी दिसते.

मुलगी मुलाचा वेश करते याचं तिथे कोणाला काही वाटत नव्हतं, उलटपण होतं, एक दाढीवाला मुलगा फ्रॉक घालून आला होता आणि सगळे त्याच्याबरोबर फोटो काढत होते. सफारीवाले आजोबा म्हणाले, अहो आपल्याकडे नारायणराव राजहंस शालू नेसून उभे राहिले की घरोघरच्या बायका तसं नेसायला शिकायच्या, यात नवीन काय. बालगंधर्वांचं नाव काढून माणूस एकदम ताठ बसला.

दुपारी क्विझ होता. मी मागे बसून वडा खात होते. प्रश्न आला, 1993 साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी जी मोगलीची मालिका लागायची, ती मूळ कुठली? पोरांमध्ये शांतता. मला वाटलं हे काय विचारतायत, ती तर आपलीच. तर निवेदक म्हणाला, जपानी, 1989 ची. माझा वडा हातातच. म्हणजे मी आणि सुधीरमामा, चाळीत शेजारच्यांच्या टीव्हीसमोर दाटीवाटीने बसून, रविवारची आंघोळ टाळून जे बघायचो ते अॅनिमे होतं! मी तुम्हा दोघांना किती वर्षं ऐकवलं की हे जपानी कार्टून काय बघता. पुढचा प्रश्न, हिंदीत शेरखानचा आवाज कोणाचा? मी हात वर करायच्या आधीच ओरडले, नाना पाटेकर. सगळा हॉल वळून बघायला लागला. एक स्टिकर मिळाला, मी तो माझ्या पर्सवर लावलाय. मामाला तिथूनच फोन केला. तो दोन मिनिटं काही बोललाच नाही, मग शेरखानसारखा गुरगुरला.

मग कॉसप्लेची, म्हणजे पात्रांच्या वेशांची, स्पर्धा. आधी कारागिरीची तपासणी असते हे तुला माहीत आहे, मला नव्हतं. एक फॉर्म भरायचा, कुठला भाग कोणी बनवला, किती टक्के. रेवाने लिहिलं, दादा 70, मी 20, आई 10. मी म्हटलं अगं 10 कशाला, चार कच्चे टाके घातलेत. म्हणाली पाणी पण धरलंय. परीक्षक एक मुलगी होती, पंचविशीची, गळ्यात माप घ्यायची टेप. तिने हाओरी काढायला सांगितली, उलटी केली, आणि माझ्यासारखीच बघत बसली. चौकोनांच्या जोडावरून बोट फिरवलं. मग घेराशी आली, तिथे तो दुमडलेला जाडजूड भाग आणि माझे लांब लांब टाके. म्हणाली, बाकीचं काम इतकं सुंदर आहे आणि हेम असा का? कापून नीट का नाही केला? यात मार्क जातात गं.

मी तोंड उघडणार होते. रेवा म्हणाली, "माझी नाहीये. दादाची आहे. त्याला परत द्यायचीय."

त्या मुलीने काहीतरी लिहिलं कागदावर, काय ते मला दिसलं नाही, आणि हाओरी परत देताना स्वतः रेवाच्या खांद्यावर घातली.

बक्षीस नाही मिळालं. पहिलं त्या फ्रॉकवाल्या मुलाला गेलं, आणि बरोबरच गेलं, त्याने झालरी हाताने केल्या होत्या. रेवाला वाईट वाटलं असेल, पण दाखवलं नाही. स्टेजवर मात्र ती चालत आली ना, एका हातात तलवार, पाठीवर पेटी, दुमडलेल्या बाह्यांतून बोटं बाहेर, तेव्हा मी विंगेत होते. विंग म्हणजे काय, नवरदेवाला ओवाळायला करवल्या उभ्या राहतात तो कोपरा. पण होते.

परतीला गाडीला गर्दी नव्हती. तलवार मी धरली, आडवी, डोक्याच्या वर, उगाच. सायनपर्यंत हात भरून आले. रेवा माझ्या खांद्यावर झोपली, विगसकट.

बाबांनी दार उघडलं, एक शब्द विचारला नाही. मग रात्री मी स्टेजवरचा व्हिडिओ लावला, ते पेपरच्या आडून बघत होते. नंतर म्हणाले, त्या पेटीला पट्टे नीट नाहीत, खांद्याला काचत असतील, मी आपल्या जुन्या बॅगेचे लावून देतो. आज संध्याकाळी लावून झाले पण.

तू तिला फोन कर किंवा नको करू, मी मध्ये पडत नाही, तुमचं तुम्ही बघा. तुझी नोकरी महत्त्वाची आहे आणि तिचं रागावणंही बरोबर आहे, दोन्ही खरं आहे, मी कोणाची बाजू घेऊ. जेवण वेळेवर कर. रोज रात्री मॅगी नको.

हाओरी धुतलेली नाही, नुसती हवेला टाकलीये, रंग गेला तर काय करा. आणि एक राहिलं. काळा दोरा परत ठेवायला मशीनचं डावं ड्रॉवर उघडलं तर मागे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कापून ठेवलेले सात हिरवे चौकोन आणि सहा काळे निघाले. कडेने खडूच्या खुणा अजून आहेत. उरलेले आहेत की मुद्दाम ठेवलेत? बाही वाढवायला? फाटलं तर जोड द्यायला? रेवाला विचारलं तर म्हणाली, त्यालाच विचार.

तर विचारतेय. कशासाठी ठेवलेत?

आई